कापसाचा भाव कोण ठरवतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज बोलायचे आहे ते ‘फेअर ट्रेड’विषयी, म्हणजे रास्त व्यापाराविषयी. या चळवळीचे नाव निघाले की आधी कॉफी आठवते, आणि ते बरोबरच आहे. 1988 मध्ये हॉलंडमध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ नावाची खूण असलेली कॉफी दुकानात आली. मेक्सिकोतल्या छोट्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेची ती कॉफी होती. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचा कोटा मोडला आणि जगभर कॉफीचे भाव कोसळले. अशा वेळी किमान भावाची हमी म्हणजे काय, ते त्या शेतकऱ्यांना कळले.

आता परभणीत कॉफी कुठे? महाराष्ट्रात ती चिखलदऱ्याच्या डोंगरात थोडीफार होते, एवढेच. आपली कॉफी म्हणजे कापूस. आणि 2004-05 पासून कापसालाही ही खूण मिळू लागली. विदर्भ, तेलंगण, ओडिशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना घेऊन ‘चेतना ऑरगॅनिक’ने त्याच सुमारास काम सुरू केले.

मी मानवत, सेलूच्या बाजारात लहानपणापासून जातो. तिथे शेतकऱ्याने भाव सांगितलेला मी कधी ऐकला नाही. तो भाव विचारतो. पाच क्विंटल कापूस घातला की जवळपास पावणेदोन क्विंटलची, 170 किलोची रुईची एक गाठ होते, उरते ती सरकी. या रुईचा भाव कुठे न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात हलतो, आणि सरकी-पेंडेचा आणखी कुठे. गाडीवर बसलेल्या माणसाच्या वाट्याला येते ते ओलाव्याचे मापन आणि घट. आमच्या गावात खेडा खरेदीला आलेल्या एका व्यापाऱ्याने वजनात कट्टी धरून वर ‘ओल आहे’ म्हणून आणखी घट कापली. माझ्या वडिलांनी काही न बोलता पैसे मोजून घेतले, कारण पोरांच्या फीची तारीख जवळ आली होती. माल परत न्यायचा तर गाडीभाडे अंगावर.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. हमीभावाची खात्री मिळाली, पण पुढे पैसे वेळेवर हाती पडेनात, आणि शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की माल रातोरात सीमेपलीकडे जाई. योजना तोट्यात बुडाली. आता हमीभाव आहे: 2025-26 साठी तो मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होता. पण खरेदी केंद्र सुरू व्हायच्या आधी पहिल्या वेचणीचा कापूस घरातून गेलेला असतो. त्यातच ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत काढून घेतले, म्हणजे नेमके आपली बोंडे फुटायच्या आधी! 2021-22 मध्ये दहा हजारांवर भाव गेला, म्हणून पुढल्या वर्षी लोकांनी घरात कापूस साठवला. अंथरूण टाकायला जागा नाही, अंगाला खाज, आणि भाव उतरतच गेला.

रास्त व्यापारात वेगळे काय? एक किमान भाव ठरलेला. बाजार त्याच्या वर असेल तर बाजारभाव. शिवाय एक जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संस्थेकडे येते, आणि ती विहिरीवर खर्चायची की शाळेवर, हे सभासद ठरवतात. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. भाव वर-खाली होईल, पण ठरवण्याची सवय लागते.

अडचणी लहान नाहीत. प्रमाणपत्राला पैसे लागतात, आणि प्रमाणित झालेला सगळा माल त्या अटींवर खपतोच असे नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण कौतुकाने म्हणतो. अशा मालाची मोठी बाजारपेठ जर्मनीत खरेच आहे. पण तिथल्या गिऱ्हाइकाने टी-शर्टला दोन युरो जास्त दिले, तर त्यातले इथवर किती येतात हे विचारलेच पाहिजे.

सर्वांत मोठी अडचण बियाण्याची. या मानकांत जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही, आणि 2002 नंतर आपल्याकडे बीटीशिवाय पेरा उरलेलाच नाही म्हणा ना. पण आपल्याच कृषी विद्यापीठाने ‘परभणी तुराब’सारखे देशी वाण काढले आहेत. देशी कापूस पाण्याचा ताण सोसतो, फवारणी कमी लागते, आणि पूर्वीच्या मानाने आता त्याचा धागा लांब आहे. बोंड मात्र लहान, त्यामुळे वेचणीची मजुरी वाढते. आणि आजचा व्यापारी देशी म्हटले की भाव पाडूनच मागतो.

म्हणून एकट्यादुकट्याने हे जमणार नाही. वेगळा माल वेगळाच पिंजावा लागतो, नाहीतर जिनिंगमध्ये बीटीत मिसळून जातो. सूतगिरणीला निदान शंभर गाठी दाखवायच्या तर पाचशे क्विंटल कापूस हवा. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर शे-सव्वाशे एकर झाले. एका शिवारात पंचवीस-तीस घरांनी चार-पाच एकर देशी पेरायचे ठरवले तर तेवढे भरते. पेरणीआधी गावोगाव बैठका घेऊन मी हाच हिशेब मांडतो आहे, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा बायकांकडून येतो: वेचणीची जादा मजुरी कोण देणार?