जखम बोटाला, धोका सगळ्या देहाला
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लिखित भाग)



आम्ही डॉक्टर नाही. गिरणीत साच्यावर उभं राहून आयुष्य गेलं. परंतु २०१९ साली आमच्या खात्यातल्या एका सोबत्यावर जो प्रसंग आला, त्यानंतर आम्ही मिळेल ते वाचलं, डॉक्टर मंडळींना विचारून विचारून भंडावलं. त्यातलं पक्कं समजलं तेवढंच सांगतो. रोगाचं नाव सेप्सिस.

सोबत्याच्या बोटात तारेचं टोक घुसलं. त्याने हळद दाबली, चिंधी बांधली, पाळी पुरी केली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. आम्हीच म्हणालो, "अरे, साधा ताप आहे, गोळी घे नि झोप." त्या रात्री तो बरळायला लागला, बायकोला ओळखेना. शेजारी कोणी म्हणालं, बाहेरचं काही लागलं असेल. दवाखान्यात नेईपर्यंत उजाडलं होतं.

आता हे होतं कसं? जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावतात, रासायनिक निरोप पाठवून कुमक बोलावतात. जखम लाल होते, सुजते, ती याच लढाईमुळे. ते योग्यच आहे. पण साच्याला धागा तुटला की थांबायची कळ असते ना, ती बिघडली तर साचा चालतच राहतो आणि वारच्या वार कापड नासतं. सेप्सिसमध्ये तसंच होतं. निरोप थांबतच नाहीत. देहभर बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, झिरपायला लागतात, रक्तदाब उतरतो. रक्त नको तिथे गोठतं. मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू उपाशी राहतात. २०१६ साली तज्ज्ञांनी रोगाची व्याख्या नव्याने केली, तिचा मथितार्थ हाच की संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर बेताल होतं आणि अवयव निकामी होऊ लागतात. म्हणजे मारतो तो एकटा जंतू नव्हे.

आणखी चमत्कारिक गोष्ट ऐका. एकीकडे फौज बेफाम असते, आणि दुसरीकडे तीच फौज संपतही असते. लिम्फोसाइट नावाच्या लढाऊ पेशी मोठ्या संख्येने मरतात, उरलेल्या सुस्त पडतात. म्हणून पहिल्या जंतूतून वाचलेला रोगी एखाद्या किरकोळ जंतूच्या तावडीत सापडतो.

चुलीचंही तेच. पेशीपेशीत साखर जाळून ताकद करणारी चूल असते, तिला प्राणवायू लागतो. सेप्सिसमध्ये तो पुरेसा पोचत नाही, पोचला तरी चूल नीट पेटत नाही. रक्तात लॅक्टेट वाढतं. दवाखान्यात रक्त काढून तेच मोजतात. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं.

आया-बहिणींनो, एवढं ध्यानात ठेवा. जखम असो, लघवीची जळजळ असो की छातीतला कफ, त्यात धाप लागली, माणूस बरळला किंवा गुंगला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर सकाळची वाट बघू नका. म्हाताऱ्यांचं आणि तान्ह्यांचं अंग तापण्याऐवजी थंडही पडतं. तान्हं दूध ओढायचं सोडतं. रक्तदाब कोसळलेल्या रोग्याला तासाभरात अँटिबायोटिक द्यावं, असा डॉक्टरांचा नियम आहे.

तान्ह्यांवरून आठवलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत तिथल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या, सेप्सिसची लक्षणं दिसली तर इंजेक्शन द्यायच्या. सेप्सिस झालेल्या शंभरात सोळा-सतरा बाळं दगावत होती, ती तिनाच्या आत आली. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं.

आमचा सोबती वाचला. कामावर आला तो भिंत धरून. जिना चढला की बसायचा, नावं विसरायचा. खात्यात लोक हसले. आम्हीही म्हणालो, "पुरे झालं आता नाटक." मांड्यांचं मांस झडलेलं असतं, ते भरायला महिने लागतात, विसरणंही त्याच दुखण्यामुळे असू शकतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्यासमोरच हे बोलायचं होतं.