न्हाणीघरातील दोन शास्त्रे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरवप्रसंगी, कामोठे येथे दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, ती आम्ही शिरोधार्य मानतो. गुणवंतांची यादी वाचताना एक गोष्ट ध्यानी आली. आमच्या काळी मुलगा मॅट्रिक झाला की कोठेतरी कचेरीत चिकटे. यंदाच्या यादीत भौतिकोपचार शिकणाऱ्या कन्या आहेत, तसेच स्थापत्यशास्त्र शिकणारे कुमारही आहेत. ही दोन शास्त्रे एकमेकांस सहसा भेटत नाहीत. ती भेटावीत, आणि आपल्याच वडीलधाऱ्यांच्या न्हाणीघरात भेटावीत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कोणी हसू नये! आपल्या ज्ञातीतील एका घरी आम्ही समाचारास गेलो होतो. माउलीची डावी बाजू अर्धांगवायूने गेलेली. मुलाने हौसेने शौचकूपाशेजारी चकचकीत दांडी बसवून घेतली. पण ती डाव्या भिंतीवर! जो हात उचलत नाही त्याच्या बाजूस आधार. उपचारास येणाऱ्या मुलीने उजवी बाजू सुचविली, तर तिकडच्या भिंतीतून पाण्याची नळी गेलेली. गवंडी भोक पाडण्यास धजेना. उपचार करणारीस भिंतीची माहिती नव्हती, गवंड्यास अंगाची नव्हती. दोघे एकाच दिवशी त्या घरात आले असते तर तासाभरात मार्ग निघाला असता. ती माउली अद्याप सुनेच्या खांद्यावर भार टाकूनच उठते, आणि सुनेचीही कंबर आता धरली आहे.

जुनी घरे फार सोयीची होती असे आमचे म्हणणे नाही. जोते उंच, उंबरठा उंच, न्हाणी बहुधा परसात. परंतु ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्यास येणारेजाणारे तरी दिसत. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, आणि आपणही सदनिकांत राहावयास आलो. आता लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ज्याचे गुडघे गेले, त्याचे जग दोन खोल्यांचे झाले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला खरा. पण त्याचा रोख मुख्यत्वे सार्वजनिक इमारतींवर. आपल्या न्हाणीघराच्या दाराशी काही सरकारी निरीक्षक येणार नाही.

हा विचार नवा नव्हे. आपल्या देशातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी काढली. बाई जन्माने अमेरिकन, सासर मात्र महाराष्ट्रातले. रोग्याला जेवणे, नेसणे, स्नान करणे ही नित्याची कामे पुन्हा स्वतः करता यावीत, हा या शास्त्राचा हेतू. तिकडे इंग्लंडात सेल्विन गोल्डस्मिथ या वास्तुशिल्पज्ञाने, जो स्वतः पोलिओने अपंग झाला होता, १९६३ साली अपंगांसाठी इमारती कशा बांधाव्यात यावर मोठा ग्रंथ लिहिला. एकाच देहात रोगी आणि शिल्पज्ञ एकत्र आल्यामुळे तो ग्रंथ झाला. प्रत्येक ठिकाणी असा योग कोठून येणार? म्हणून दोघांची गाठ घालून द्यावी लागते.

यात मापांचा प्रश्न मोठा आहे. चाकांची खुर्ची सुखाने जाण्यास दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर लागते. आपल्या न्हाणीघरांची दारे बहुधा याहून पुष्कळ अरुंद. पायरीऐवजी उतार करावयाचा तर एकास बारा हे प्रमाण. म्हणजे अवघ्या १५ सेंटिमीटरच्या पायरीस १८० सेंटिमीटर उतार. उंबरठा काढा म्हणणे सोपे. पण तो पाणी अडविण्यासाठी असतो. तो काढताना जमिनीचा ढाळ जाळीकडे नीट वळविला नाही आणि जलरोधक थर सांभाळला नाही, तर खालच्या बिऱ्हाडाच्या छतास ओल धरते आणि सोसायटीत भांडण उभे राहते. दार रुंद करताना मध्ये काँक्रीटचा खांब आला तर त्यास हात लावता येत नाही. हे स्थापत्याच्या विद्यार्थ्याने सांगावे. रोग्याची शक्ती सुधारणार की क्षीण होणार, आणि रात्री तो कितीदा उठतो, हे उपचाराच्या विद्यार्थिनीने पाहावे. रात्रीचा प्रश्न गवंड्यास सुचत नाही.

कामोठ्यात तर यासाठी दूर जावयास नको. महात्मा गांधी मिशनची वैद्यकीय, भौतिकोपचाराची आणि अभियांत्रिकीची शिक्षणसंस्था येथेच आहे. आपली काही मुले तेथे, काही पनवेलास शिकतात. मंडळाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून दोन रविवार द्यावेत; एक उपचाराची विद्यार्थिनी व एक स्थापत्याचा विद्यार्थी अशी जोडी एका घरी जावी, आधी त्या वृद्धास विचारावे, मग मापे घ्यावीत. काढलेला नकाशा त्यांनी आपल्या अध्यापकांस दाखविल्यावाचून भिंतीस छिन्नी लावू नये, एवढी अट मात्र आम्ही घालू. खर्चासाठी संमेलनाच्या भोजनातील एक पक्वान्न कमी केले तरी चालेल. यावर पाकसमितीचे मत निराळे असू शकेल.

ज्यांना आपले घर दाखवावयाचे असेल त्यांनी आजच कार्यवाहांच्या वहीत नाव नोंदवावे. पहिली मोजपट्टी आम्ही विकत आणून ठेविली आहे.