निवाऱ्याचा हिशेब

"मुंबईत जागा उरली नाही" ही तक्रार फार जुनी आहे, आणि तिच्यामागोमाग "बाहेरून येणारे लोंढे थांबवा" ही मागणीही नेमाने येते. ती करणाऱ्याचे आजोबा किंवा पणजोबा बहुधा कधीतरी वळकटी घेऊन याच शहरात उतरलेले असतात. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरी, सातारा, पुणे, काठेवाड, संयुक्त प्रांत अशा ठिकाणांहून ते आले होते. तेव्हा बाहेरचा कोण, या वादातून फारसे काही हाती लागत नाही. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे: ज्याला या शहराने कामासाठी बोलावले, त्याच्या निवाऱ्याचा खर्च कोणाच्या खाती मांडला गेला?

गिरण्यांना हात हवे होते. क्वचित एखाद्या गिरणीने चाळी बांधल्या. एरवी ते हात रात्री कोठे विसावतात, याची विचारपूस कोणी केली नाही. कामगारांनी आपली सोय आपणच केली. एका गावचे दहावीस जण मिळून एक खोली धरीत. भिंतीशी ट्रंकांची रांग, दोरीवर कपडे, आणि रात्रपाळीहून येणाऱ्याला दिवसपाळीला जाणाऱ्याने रिकामी केलेली पथारी. जेवण खानावळीत. बायकामुले मात्र गावी, मनीऑर्डरीची वाट पाहात. शेती, म्हातारी माणसे, आजारपण, बाळंतपण हे सारे गावाने सांभाळावे आणि राबत्या वयातला माणूस तेवढा शहराने घ्यावा, असा हा व्यवहार होता. निवाऱ्याचा खर्च कोकणातल्या आणि घाटावरच्या स्त्रियांनी सोसला.

सरकारला या खोल्यांची जाग आली ती १८९६ च्या प्लेगने. १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. रुंद रस्ते काढण्यासाठी त्याने दाट वस्त्या पाडल्या. परंतु आरंभीच्या वर्षांत जितक्यांची घरे गेली, तितक्यांना नवी मिळाली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन अधिक दाटीने राहू लागली. पुढे १९२० मध्ये विकास खाते निघाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर कर बसवून ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या सोळा हजारांच्या आसपास. १६० चौरस फुटांची ती खोली काही राजवाडा नव्हता. तरी सरकारने मनावर घेतल्यास कामगारासाठी घर बांधता येते, एवढे तिने सिद्ध केले.

स्वातंत्र्याबरोबर फाळणीचे निर्वासित आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या टंचाईत भाडेकरूला असे संरक्षण देणे न्याय्यच होते. परंतु तात्पुरत्या म्हणून केलेल्या या कायद्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि भाड्याने देण्यासाठी नवे घर बांधणे कोणाला परवडेना. १९६९ साली दुरुस्ती मंडळ नेमले गेले, तेव्हा त्याच्या यादीत १९,६४२ इमारती होत्या. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेगोठवणीच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले, आणि नवा कायदा २००० साली अमलात आला. अर्धे शतक विधिमंडळाने एका अप्रिय निर्णयाला बगल दिली. तेवढ्या काळात जिने खचले आणि छपरे कोसळली.

ज्यांना चाळही मिळाली नाही, त्यांनी झोपडी बांधली. त्यांच्या वाट्याला घराऐवजी तारीख आली. अमुक सालापूर्वीची झोपडी पात्र, नंतरची अपात्र. ही सीमा १९७६, १९८०, १९८५, १९९५, २००० अशी निवडणुकांच्या चालीने पुढे सरकत राहिली. शिधापत्रिका आणि मतदारयादीतील नाव जपून ठेवणे हेच गरिबाचे घर बांधणे होऊन बसले. १९८५ मध्ये पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र रीतसर सूचना देऊन त्यांना हटवण्याची मुभाही ठेवली.

जमीनच नव्हती, असे म्हणावे तर गिरणगावाकडे पाहावे. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची संधी आली. १९९१ च्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी केवळ आधीपासून बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. जमीन होती, हाती नियम होता, गरजू माणसेही समोर होती. तरीही तेथे मुख्यतः मनोरे आणि कार्यालये उभी राहिली. हा दोष कोणत्याही आगगाडीतून उतरलेल्या माणसाचा नव्हता.

२०११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे ४१ टक्के वस्ती झोपडपट्टीत आढळली, आणि त्याच गणनेत जवळजवळ ४ लाख ८० हजार घरे रिकामी निघाली. म्हणजे घरे अजिबात नव्हती असे नाही. ज्याला हवी त्याच्या मिळकतीला ती झेपत नव्हती.

वरळीच्या सरकारी चाळींच्या जागी बांधलेल्या घरांच्या किल्ल्या २०२५ साली पहिल्या ५५६ कुटुंबांना मिळाल्या. १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फूट. शंभर वर्षांपूर्वी जी जमीन सरकारने कामगारासाठी घेतली आणि हातची सोडली नाही, तेथे त्याच्या वारसाला दार मिळाले. त्या इमारतींचे गिलावे करणारे मजूर मात्र बहुधा दुसऱ्या प्रांतातून आलेले असतात, आणि बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. त्यांच्या निवाऱ्याचा खर्च कोणाच्या खाती मांडायचा, हे अजूनही ठरलेले नाही.