कारभाऱ्यांच्या अंगातली ताकद

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, शेळ्या, पापड यांवर बोलतो. हल्ली मात्र दुसरंच ऐकू येतंय. “ह्यांना आता युरियाचं पोतं उचलत नाही.” “जेवून उठताना भिंत धरतात.” वय विचारलं तर कुणाचं पंचेचाळीस, कुणाचं बावन्न. हे काही म्हातारपण नव्हे. उद्या कारभाऱ्यांनी अंथरूण धरलं, तर शेत, गोठा आणि त्यांची सेवा, सगळं आपल्याच अंगावर येतं. गटाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज त्यांच्या ताकदीवर बोलू.

तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटतात. दर 10 वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के, आणि साठीनंतर आणखी भरभर. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी येते. काटा तोच, पोट मात्र पुढे. जेवणातली साखरही बरीचशी स्नायूच वापरतात, म्हणून ते घटले की मधुमेहाचा धोका वाढतो.

हे सांगितलं की कारभारी म्हणतात, “दिवसभर राबतो की आम्ही! आणखी व्यायाम कशाला?” बोलणं अगदीच खोटं नाही. पण मोट गेली, नांगर गेला, ट्रॅक्टर आणि मोटरसायकल आली. फवारणीचा 16 लिटरचा पंप पाठीवर चढतो तो हंगामापुरता. मधले महिने पारावर जातात. (खुरपणी आणि पाणी भरणं कुणाच्या वाट्याला आलंय, ते सांगायला नको.) शिवाय शेतात तीच ती कंबर वाकते, बाकीच्या अंगाला काम नसतं.

यासाठी जिम नको. तालमीतल्या जोर-बैठका आपल्याला नव्या नाहीत. फक्त पन्नाशीच्या माणसाने पहिल्याच दिवशी पैलवानाची बरोबरी करू नये. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं, असं 8-10 वेळा. मग भिंतीला तळवे टेकून तितकेच जोर. नंतर 5 लिटरचे दोन कॅन भरून दोन हातांत घ्यायचे आणि अंगणात फेऱ्या मारायच्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, मोजायला काटा नको. थोडा दम खाऊन हे सगळं पुन्हा एकदा. वीस मिनिटांत होतं.

जागतिक आरोग्य संघटना असा व्यायाम आठवड्यातून किमान 2 दिवस सांगते. सोमवार-गुरुवार धरा, म्हणजे मध्ये अंगाला विसावा मिळतो. सोपं वाटू लागलं की वाढवायचं. खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, भिंतीऐवजी ओट्याच्या कडेला हात, पुढे जमिनीवर जोर. महिनोन् महिने तेवढंच केलं तर ताकदही तेवढीच राहते.

आणि खंड नको. एका महिन्यात हजार रुपये टाकून वर्षभर गायब होणारी बाई गटात आपल्याला चालते का? नाही चालत. तसंच हे आहे. कॅलेंडरवर दुधाच्या खुणेशेजारी व्यायामाची खूण करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी करायचं, पण दुप्पट नाही.

खाण्याशिवाय स्नायू धरत नाहीत. साठ किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम मिळतात. डाळ पातळ करू नका, रोज एखादी उसळ ठेवा. आणि अंडी आणलीत तर एक आपल्याही ताटात घ्या. स्नायू आपलेही घटतातच.

रक्तदाब, हर्निया किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे मोजायला सांगा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. सुरुवातीला एक-दोन दिवस मांड्या ठणकतील, त्याला घाबरू नका. सांधा दुखला, चक्कर आली किंवा छाती दाटली, तर मात्र लगेच थांबवायचं आणि दवाखाना गाठायचा.