घोलवडचा चिकू आणि परदेशी बाजारपेठ

आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणजे केवळ माल सीमेपार धाडणे नव्हे. न पाहिलेल्या ग्राहकाचा विश्वास संपादन करणे होय. मसोलीजवळचाच दाखला घ्यावा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आणि २०२१ मध्ये त्याची खेप ब्रिटनला रवाना झाली. हे फळ नाशवंत. म्हणून तोडणी, प्रतवारी, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, वाहतूक, सारे वेळेत व्हावे लागते. शिवाय मानांकनाचे नाव एकाचे नसते, साऱ्या परिसराचे असते. एकाच्या पेटीत हलका माल निघाला, तर शंभर प्रामाणिक बागायतदारांची मागणी अडते. नावाला संरक्षण कायदा देतो. पत मात्र नमुन्याबरहुकूम पाठविलेला मालच राखतो.