हरवलेले तळे आणि पाण्याचा कुत्रा

चेन्नईचे त्यागरायनगर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेले टी. नगर, हे रेशमी साड्या, सोने आणि गर्दी यांसाठी साऱ्या दक्षिणेत प्रसिद्ध आहे. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी आलेली कुटुंबे उस्मान रोडवरून पनगल पार्ककडे आणि तेथून पोंडी बझारकडे वाट काढीत असतात. आपण एका तळ्याच्या तळाशी चाललो आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. शंभर वर्षांपूर्वी या ठिकाणी नुंगमबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने एक लांबच लांब जलाशय पसरलेला होता. इंग्रज त्याला ‘लाँग टँक’ म्हणत. १९२० नंतरच्या काही वर्षांत तो कोरडा करण्यात आला, त्याच्या तळावर रस्ते आखले गेले आणि नव्या वसाहतीला सर त्यागराय चेट्टी यांचे नाव मिळाले. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ हे नाव आजही टिकून आहे. तळे गेले, तळ्याकडे पाहणारा रस्ता तेवढा मागे राहिला.

अशा या तळे हरवलेल्या पेठेतील एखाद्या सदनिकेत पाण्यासाठीच घडलेला कुत्रा येऊन राहिला, तर त्याचे आणि त्या घराचे कसे काय जमावे?

दाट, कुरळ्या केसांच्या पाणकुत्र्यांचे घराणे मोठे आहे. आयर्लंडचा पाणस्पॅनियल, इंग्लंडचा कुरळा रिट्रीव्हर, इटलीचा लागोत्तो आणि पोर्तुगालचा पाणकुत्रा ही त्यातील काही नावे. आपल्याकडे मात्र या घराण्याची भेट बहुधा पूडलच्या रूपाने होते. पूडल म्हटले की श्रीमंतांच्या मांडीवरचे नटवे बाहुले डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच्यावर हा अन्याय आहे. ‘पूडल’ हे नावच पाण्यात खळबळ करणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलेले आहे. शिकाऱ्याने पाडलेले बदक थंडगार पाण्यातून काढून आणणे हे त्याचे पिढीजात काम. छातीवर केसांचा भार आणि पाठीमागचा भाग भादरलेला, हे त्याचे चमत्कारिक रूपही मुळात नटण्यासाठी नव्हते. पोहताना मागचे पाय मोकळे राहावेत आणि छातीला व सांध्यांना ऊब मिळावी, एवढाच त्यातला हेतू होता.

पोर्तुगालच्या पाणकुत्र्याची कथा तर एखाद्या कोळीवाड्यातच शोभावी. तेथील कोळी त्याला होडीतील एक गडी मानीत. मासे जाळ्याकडे हाकणे, पाण्यात पडलेले सामान काढून आणणे, एका होडीतून दुसऱ्या होडीत निरोप पोचवणे ही कामे तो करी. पोहणे सुलभ व्हावे म्हणून निसर्गाने त्याच्या बोटांमध्ये पातळ पडदेही दिले आहेत. पुढे मासेमारीची साधने बदलली, होडीतील या गड्याचे काम संपले, आणि १९३० च्या सुमारास ही जात नामशेष होण्याच्या बेतात आली. वास्को बेनसाउदे नावाच्या एका जहाजमालकाने शोधून शोधून उरलेले कुत्रे जमवले, त्यांची पैदास केली आणि ही जात वाचवली. याच जातीचा ‘बो’ २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या, बराक ओबामा यांच्या घरी गेला, आणि कोळ्यांचा हा सोबती जगभर ठाऊक झाला.

बोच्या निवडीमागे एक कारण असे होते, की अध्यक्षांच्या कन्येला कुत्र्यांच्या सहवासाचा त्रास होई आणि या जातीचे केस गळत नाहीत. तेव्हापासून ‘केस न गळणारा, म्हणून निर्धोक’ अशी या कुरळ्या जातींची ख्याती झाली. ती अर्धीच खरी आहे. शिंका आणणारे द्रव्य कुत्र्याच्या लाळेत व त्वचेच्या कोंड्यात असते, आणि लाळ व त्वचा नाही असा कुत्रा अद्याप जन्माला यायचा आहे. शिवाय केस गळत नाहीत याचा दुसरा अर्थ असा, की ते वाढतच राहतात. सुटलेला केस खाली न पडता शेजारच्या केसात अडकतो, आणि आठवडाभर दुर्लक्ष झाले तर कुत्र्याच्या अंगावर एखाद्या बैराग्यासारख्या जटा वळू लागतात.

चेन्नईच्या हवेत या जटा केवळ दिसायला वाईट राहत नाहीत. तेथील हवेत दमटपणा बाराही महिने भरलेला. जटेखालची ओल वाळत नाही. कातडी लाल होते, खाज सुटते, जखमा होतात. लोंबत्या कानांच्या आत केसांचे दाट जाळे आणि त्यात अडकलेले पाणी असले की कान दुखू लागतात. दाट लोकरीच्या आडोशाला गोचीड सुखाने नांदते, आणि तिच्यापासून येणारा ताप वेळीच ओळखला नाही तर कुत्र्याच्या जिवावर बेतते. म्हणून एक दिवसाआड मुळापर्यंत कंगवा, प्रत्येक अंघोळीनंतर केसांच्या मुळाशी पोचेल असे कोरडे करणे, दर आठवड्याला कानांची तपासणी आणि पाच-सहा आठवड्यांनी केशकर्तन हा नेम पाळावा लागतो. हौसेला मोल नाही असे म्हणतात. या हौसेचे मोल पैशापेक्षा वेळात अधिक मोजावे लागते.

उष्णतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. माणसाला घाम येतो, तो वाळतो आणि अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच. त्याचे निवणे होते ते धापेने, जिभेवरील आणि श्वासमार्गातील ओल वाळून. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर ही ओल वाळायची कशी? मे महिन्यात तमिळ पंचांगातील अग्निनक्षत्र सुरू झाले, की सूर्योदयानंतर दोन तासांतच टी. नगरचे रस्ते तव्यासारखे तापतात. हाताची मागची बाजू डांबरावर काही क्षण टेकवता येत नसेल, तर त्यावरून कुत्र्याला चालवू नये, हा साधा दंडक. उन्हाळ्यात केस आखूड ठेवावेत, पण कातडीपर्यंत भादरू नयेत; नाहीतर उन्हाने तीच करपते.

मग समुद्र आहे की, असे कोणी म्हणेल. मरीना किनारा टी. नगरपासून फार लांब नाही, आणि लाटा पाहिल्या की या जातीच्या रक्तातील पिढ्यांची आठवण जागी होते. परंतु मरीनाचा समुद्र फसवा आहे. तेथील ओढीने कित्येक पट्टीचे पोहणारे गिळले आहेत. कुत्र्याची तेथे काय कथा? लाटांच्या काठाशी, लांब दोरी हातात धरून खेळवणे आणि घरी येताच गोड्या पाण्याने खारटपणा धुऊन टाकणे, एवढीच मर्यादा बरी. अनेक घरी गच्चीवर एक मोठी घंगाळी किंवा मुलांचे हवा भरण्याचे टाके ठेवून संध्याकाळी हा सोहळा पार पाडला जातो. भिंती भिजतात, शेजारी कुरकुरतात, आणि कुत्रा मात्र कृतार्थ होतो.

तरीही या कुत्र्याला सर्वांत जास्त भूक असते ती कामाची. शेकडो वर्षे माणसाच्या खुणेकडे पाहत, त्याच्याबरोबर विचार करीत ज्याने काम केले, त्याची बुद्धी रिकामी बसत नाही. सकाळी नऊला सर्व मंडळी कामावर गेली आणि सदनिकेला कुलूप लागले, की तो चपला कुरतडतो, उशा फाडतो, जिन्यातील प्रत्येक पावलाला भुंकून उत्तर देतो. त्याला खोडसाळ म्हणतात. वस्तुतः तो बेकार झालेला कसबी कामगार असतो.

यावरचा उपाय इटलीच्या लागोत्तोने दाखवून दिला आहे. रोमान्या प्रांतातील दलदलीत पक्षी आणून देणे हे त्याचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतीसाठी त्या दलदली कोरड्या करण्यात आल्या. टी. नगरच्या तळ्याचे जे झाले, तेच तिकडे झाले. पाणी गेले, पण त्या कुत्र्याचे नाक आणि शहाणपण शिल्लक होते. माणसाने त्याला जमिनीखालची ट्रफल नावाची मोलाची अळंबी हुडकायला शिकवले, आणि आज तो त्याच कामासाठी नावाजलेला आहे. तळे हरवले तरी काम देता येते. घरातल्या घरात लपवलेली वस्तू वासाने शोधणे, वर्तमानपत्र किंवा पिशवी आणून देणे, रोज एखादी नवी खूण शिकणे, अशा अर्ध्या तासाच्या कामाने कुत्र्याला तासभराच्या फिरण्याइतके समाधान मिळते. पहाटेचे फिरणे अर्थात सुटत नाही, ते वेगळेच.

पाण्याचा आणि कुत्र्याचा विषय टी. नगरात निघावा आणि १९५९ सालची गोष्ट सांगितली जाऊ नये, हे होणे नाही. ईशान्य मोसमी पावसाने रस्ते तुंबले होते. त्या पाण्यात कुत्र्याची पिले बुडताना कॅप्टन व्ही. सुंदरम् यांना दिसली. हे गृहस्थ विमानचालक होते. त्यांच्या पत्नी उषा सुंदरम् याही विमान चालवीत. कॅप्टन पाण्यात उतरले आणि पिलांना घरी घेऊन आले. त्या घरातून ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ ही संस्था उभी राहिली. भटक्या कुत्र्यांना पकडून ठार मारणे हाच उपाय शहरे जाणत असताना, या संस्थेने १९६४ पासून त्यांची नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग धरला. चेन्नई महापालिकेने तो मार्ग स्वीकारला १९९६ मध्ये. आणि २००१ च्या नियमांनी तो साऱ्या देशाला लागू झाला.

ती पिले कोणत्याही नामांकित जातीची नव्हती. त्यांच्या बोटांत पडदे नव्हते, अंगावर कुरळी लोकर नव्हती. तळ्याने आपली जागा परत मागितली, आणि ती तिच्यात सापडली, इतकेच. तळे अजूनही अधूनमधून ती जागा मागते. २०१५ च्या डिसेंबरात आणि २०२१ च्या नोव्हेंबरात टी. नगरने ते पाहिले आहे. अशा वेळी जातिवंत पाणकुत्र्यालाही रस्त्यावरच्या पाण्यात उतरू देऊ नये. त्यात मोऱ्यांची घाण असते, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असतो आणि उघडी गटारे दिसत नाहीत. पोहण्यात निष्णात असलेल्या प्राण्याला पाण्यापासून आवरून धरणे, हेही त्याच्या धन्याचेच कर्तव्य ठरते.

म्हणून असा कुत्रा घरी आणण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. पहाटे साडेपाचला उठणारे घरात कोण आहे? एक दिवसाआड कंगवा कोण धरील? पिलाच्या आईबापांचे डोळे व खुब्याचे सांधे निर्दोष असल्याची तपासणी विकणाऱ्याने केली आहे काय? आणि बारा-चौदा वर्षांनी, मुले शिकून दूर गेल्यावर, या म्हाताऱ्या जिवाजवळ कोण बसेल? उत्तरे डळमळीत असतील, तर राजपाळयम किंवा चिप्पीपारै ही तमिळ भूमीतील, अथवा आपल्याकडची कारवान ही आखूड केसांची जात त्या उन्हाला अधिक सोसते; धावायला मोकळी जागा मात्र तिलाही हवी. आणि दारातलाच एखादा बेवारशी जीव घरात घेतला, तर तो सर्वांहून काटक निघतो. हौस फिटल्यावर सोडून दिलेले परदेशी जातींचे कुत्रे प्राण्यांच्या आश्रयस्थानांत येतात, तेव्हा त्यांच्या अंगावरील जटाच मागची हकीकत सांगतात.

महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दारी उभा राहिला, तेव्हा मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून आत जाण्यास त्याने नकार दिला. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हे व्यासांनी सांगितलेले नाही. तो विश्वासाने मागे आला होता, धर्मराजाला तेवढे पुरेसे होते. टी. नगरच्या तिसऱ्या मजल्यावर, पावसाचा पहिला थेंब पडताच कान टवकारून दाराशी उभा राहणारा कुरळ्या केसांचा तो जीवही माणसाच्या विश्वासानेच तळे नसलेल्या गावी आलेला असतो. त्याचे तळे आता त्या घरातील माणसांनाच व्हावे लागते.