घराचा प्लॅन आधी जमिनीवर काढा

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "तुझ्या गावच्या घराचं काय झालं?" तर आज तेच सांगतो. ज्यांच्या घरी सध्या बांधकामाची चर्चा चालू आहे, त्यांनी हा भाग आई-वडिलांसोबत बसून ऐका.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. जागा दोन गुंठे, म्हणजे ३३ बाय ६६ फूट, २१७८ चौरस फूट. रस्ता पश्चिमेला. पैसे पप्पांच्या रिटायरमेंटचे, वर थोडं माझं कर्ज. घरात राहणार आई, पप्पा आणि आजी. मी पुण्यात नोकरीला, बहीण लग्न होऊन कोल्हापुरात.

आता मी पडलो इंजिनिअर. बीटेक कॉम्प्युटरमधलं, पण घरच्यांसाठी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर! एक फ्री ॲप डाउनलोड केलं आणि दोन रात्री जागून प्लॅन काढला. खाली मोठा हॉल, किचन, एक बेडरूम, पार्किंग. वर तीन बेडरूम, त्यातली सगळ्यात मोठी माझी, वर्क फ्रॉम होमचं टेबल आणि बाल्कनीसकट. थ्रीडी व्ह्यू बघून पप्पा जाम खूश. म्हणाले, "रस्त्यावरनं बघितलं की कळलं पाहिजे, घर कुणाचं आहे."

आमच्या मिस्त्रींनी मोबाईलवर तो प्लॅन बघितला आणि फक्त एवढंच म्हणाले, "रविवारी फक्कीनं आखून बघू या की."

रविवारी टेप, दोरी आणि फक्कीची पिशवी घेऊन आम्ही प्लॉटवर गेलो. अख्खा खालचा मजला खऱ्या मापात जमिनीवर आखला. आणि मंडळी, स्क्रीनवर जे ऐसपैस वाटत होतं ना, ते तिथं एवढंसं दिसायला लागलं. मी दहा बाय बाराची खोली काढताना भिंतींची जाडी धरलीच नव्हती. बाहेरची भिंत नऊ इंचाची, आतून प्लास्टर, म्हणजे हातात येणारी जागा बरीच कमी. मग त्या खोलीत आम्ही घरनं आणलेली खाट ठेवली. कपाटाचं दार उघडायला जागाच उरेना.

आई फक्कीच्या किचनमध्ये उभी राहिली आणि विचारलं, "भांडी घासायची कुठं? धुणं वाळत कुठं घालायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तेवढ्यात आजी काठी टेकत आली. आजीचं वय ८१. मागच्या पावसाळ्यात रात्री परसातल्या संडासला जाताना ती घसरून पडली, तेव्हापासून गुडघा गेला तो गेलाच. तिनं सगळीकडं बघितलं आणि म्हणाली, "बाळा, ह्यात मी कुठं हाय?"

मी म्हटलं, "आजी, खालची बेडरूम तुझीच की."

ती तिथनं बाथरूमपर्यंत चालून गेली. हॉल ओलांडून, जिन्याखालनं. सव्वीस पावलं. मी मोजली. मग म्हणाली, "आनि बसू कुठं? दिसभर भिंतीकडं बगत बसू व्हय?"

खोटं नाही सांगत, मला कसंतरीच झालं. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज मीटिंगमध्ये "युजर कोण आहे" विचारतो. इथं मी विचारलंच नव्हतं. त्या रात्री साधा हिशोब केला. मी वर्षातनं गावी फार तर तीस दिवस असतो. आजी ३६५ दिवस. आणि सगळ्यात चांगली खोली कुणाची, तर माझी!

मग नवीन प्लॅन काढला. यावेळी आधी सूर्य बघितला. आपल्याकडं, साधारण १७ अक्षांशावर, उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा बराच पुरतो. खरा त्रास पश्चिमेचा. संध्याकाळचं ऊन खालनं, तिरकं येतं, छज्जा त्याला अडवत नाही, आणि तापलेली भिंत रात्रीपर्यंत गरम राहते. माझी बाल्कनीवाली खोली नेमकी तिथंच होती.

किचन आग्नेयेला नेलं. सकाळचं ऊन मिळतं, आणि पप्पांच्या वास्तुशास्त्रातही तीच जागा, त्यामुळं तिथं वाद झाला नाही. किचनच्या मागं मोरी आणि धुण्याची जागा. आजीची खोली पुढच्या बाजूला, बाथरूम तिच्या खोलीला लागून, पलंगापासून सहा पावलं. बाथरूमचं दार नेहमीच्या अडीच फुटांऐवजी तीन फुटी, म्हणजे उद्या व्हीलचेअर लागली तरी जाईल. उंबरा नाही, धरायला भिंतीत दांडा. आणि पुढं रस्त्याकडं सहा फूट रुंद ओसरी. चारच्या पुढं ऊन तिच्याखालनं आत येणार, म्हणून समोर कडुलिंब लावायचा आणि तो वाढेपर्यंत चटईचा पडदा.

पण खर्च बसेना. आत्ताच वरचा मजला घातला तर पप्पांच्या हातात काहीच उरत नव्हतं. मी म्हटलं, "पप्पा, वरचा मजला आत्ता नको." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी आयुष्यभर भाड्याच्या आणि क्वार्टरच्या खोल्यांत काढलीत. दुमजली घर हे त्यांचं स्वप्न होतं, आणि ते मी खोडत होतो. हे मलाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच प्लॉटवर गेले. मी मागनं गेलो, तर आजीच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत पावलं मोजत होते. मला बघून म्हणाले, "पाया मात्र दोन मजल्यांचा घालायचा." मी लगेच हो म्हटलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडनं तसं डिझाइन करून घेतलंय. कॉलमच्या सळया वर ठेवणार, गंजू नयेत म्हणून सिमेंटचा लेप देऊन.

तर तुमच्यासाठी चार गोष्टी. एक, हद्दीपासून किती जागा सोडायची हे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत आधी विचारा, प्लॅन नंतर. दोन, मापं भिंतीच्या आतली धरा. तीन, जिना घाईत उरकू नका. पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, पाय ठेवायला किमान २५ सेंटिमीटर हवेत. दहा फूट चढायचं तर सोळा-सतरा पायऱ्या लागतात, तेवढी जागा आधीच सोडा. चार, फक्कीनं आखा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्यात चालवा.

सध्या आमचा पाया भरून झालाय. आजी रोज संध्याकाळी रिक्षानं जाऊन, जिथं ओसरी होणार तिथं खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते. भिंती अजून नाहीत, पण तिचं राहणं सुरू झालंय.

तुमच्या घरात आजी-आजोबा कुठं बसतात? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!